पत्र्याचा डबा, तीन ते साडेपाच

सीमेवरची चौकी
२६ जून २००७

आत्या,

पोचलो एकदाचा. नदीच्या अलीकडे आम्ही अकरा जण, पलीकडे दुसरा देश, आणि मधे डासच डास. इथे मोबाइल लागत नाही. आठवड्यातून दोनदा पाण्याचा ट्रक येतो, त्यातूनच पत्रं येतात-जातात. रविवारी चौकीच्या फोनवर पाच मिनिटं मिळतात, तेव्हा तुला लावला होता. वाजत राहिला, वाजत राहिला, तू उचललाच नाहीस. कुठे गेली होतीस?

आता मुख्य गोष्ट. डबा चालू आहे ना?

हसू नकोस. माझा सगळा जीव त्या डब्यात अडकलाय. फेटा चीजच्या रिकाम्या डब्यात कॉम्प्युटर बसवला म्हणून तू मला वेड्यात काढलं होतंस, पण तुझ्या शिवणखोलीत टेबलाचा तेवढाच कोपरा मोकळा होता, मी तरी काय करणार? नेरोमिलोसचा बंधारा फुटला तर नदीचं पाणी कुठल्या गल्लीत किती चढेल, याचं गणित तो करतोय. पाच टप्पे आहेत, एकेक आठ दिवसांचा. आठ दिवस सलग, रात्रंदिवस. मधेच बंद पडला की तो टप्पा पहिल्यापासून. मला ८ सप्टेंबरला दहा दिवसांची सुट्टी मिळेल. तोवर गणित पुरं झालं पाहिजे, कारण १७ तारखेला प्रबंध विभागात पडला नाही तर विद्यापीठातून माझं नाव कमी होणार. नऊ वर्षं पाण्यात. सैन्याने अठ्ठाविसाव्या वर्षी मानगूट धरून आणलं, त्यामुळे हे सगळं तुझ्यावर टाकून यावं लागलं.

तू एवढंच कर. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा दिसतो, ती डब्यातली उष्णता. निळा असला की थंड, म्हणजे चांगलं. पिवळा म्हणजे काळजी. लाल म्हणजे घात. पंच्याण्णववर गेला की डबा जीव वाचवायला आपला आपण बंद पडतो. मग हिरवं बटण दाबायचं आणि विचारेल त्याला 'हो' म्हणायचं. सकाळी आठला, दुपारी दोनला आणि संध्याकाळी सहाला आकडा लिहून ठेव.

उन्हाळा फार कडक जाणार असं रेडिओवर सांगतायत.

तुझा थ्रासोस


नेरोमिलोस
१ जुलै

थ्रासोस, बाळा,

जेवतोस का नीट? पत्रात डब्याची चौकशी पंधरा ओळी आणि आत्याची एक ओळ. असू दे, असू दे. पोटच्या पोरासारखा वाढवला की असंच होतं.

फोन बिघडलाय. दुरुस्तीवाला येतो म्हणाला, अजून त्याचा पत्ता नाही. तू आपली पत्रंच लिही. पत्र कसं, चारदा वाचता येतं.

आकडे पाठवते. आठला साठ, दोनला चौऱ्याहत्तर, सहाला एकाहत्तर, आणि रोज जवळपास तेवढेच. निळे. पण बाळा, वाईट बातमी पण आहे. काल दुपारी झोप काढून साडेपाचला खोलीत आले, तर पडदा काळा. तुझं हिरवं बटण दाबलं तेव्हा त्याने लिहून दाखवलं, ४:१० ला बंद. सहा दिवसांचं गणित गेलं. मी 'हो' म्हटलंय, परत पहिल्यापासून लागलाय कामाला. माझ्या तोंडचं पाणीच पळालं. हात धुऊन पानायिया मेरीमातेपुढे दिवा लावला.

बाकी सगळं ठीक. शेजारची पोलिक्सेनी परवा आली होती, हातवारे करून काहीबाही बडबडली नि गेली. आजकाल ती तोंडातल्या तोंडात बोलते. वय झालं की माणसाचं असं होतं.

डबा बंद पडला त्यात माझी चूक असेल तर सांग. पण माझी नाहीये.

एव्डोक्सिया आत्या


चौकी
६ जुलै

आत्या,

तुझी चूक नाही, माझीच आहे. डबा मी हिवाळ्यात बांधला. तेव्हा खोलीत शेगडीपाशी बसून थंडीने कुडकुडत होतो, उन्हाळा डोक्यातच आला नाही. तीन रात्री झोप नाही. सगळी पत्र्याची पेटी डोळ्यांपुढे फिरते.

मागचा पंखा गरम हवा बाहेर टाकतो, ती भिंतीवर आपटून परत पुढच्या भोकांतून आत शिरते. म्हणजे डबा आपलाच श्वास परत परत घेतोय. तेव्हा असं कर. डबा भिंतीपासून हातभर पुढे ओढ. खाली दोन विटा ठेव, तळातूनही हवा येऊ दे. पुढच्या भोकांवर तुझा जुना नायलॉनचा मोजा ताणून बांध म्हणजे कापडाचे तंतू आत जाणार नाहीत. शिवणखोली आहे ती, तंतूंचं माहेरघर. आणि मागच्या पंख्याला पुठ्ठ्याचं नळकांडं लावून त्याचं तोंड खिडकीच्या झडपेखालून अंगणात काढ. गरम हवा घराबाहेरच जाऊ दे. झडपा दिवसभर बंद, पहाटे उघड्या. ओलं फडकं किंवा बर्फ मात्र डब्याच्या जवळपाससुद्धा नको! पाण्याचा एक थेंब आत गेला तर सगळंच संपलं.

आणि पंख्याचा आवाज ऐक. सारखी घरघर असेल तर तो ठीक आहे. खरखर आली की बेअरिंग गेलं समज. आवाज कसा आहे ते मला नक्की कळव, सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे.

थ्रासोस


नेरोमिलोस
१३ जुलै

बाळा,

सगळं केलं. विटा ठेवल्या, मोजा बांधला, डबा हातभर पुढे. पुठ्ठ्याचं नळकांडं मात्र केलं नाही. पुठ्ठा वाकतो, मऊ पडतो, त्याला काही शिस्त नाही. मी कॉलरचं बक्रम घेतलं, दुहेरी केलं, शर्टाच्या बाहीसारखं कापलं आणि पंख्याकडच्या तोंडाला कफ काढून वर बटण लावलं. घट्ट बसतं, हवं तेव्हा निघतं. दुसऱ्या टोकाशी हात धरला तर भट्टीसारखी झळ लागते. तू इंजिनिअर असशील, पण बाही कशी बसवायची ते मला विचार. चाळीस वर्षं या गावाचे नवरदेव मी मापात बसवलेत.

पहिला टप्पा ८ तारखेला पुरा झाला. पडद्यावर चौकटीत '१' आलं, मी त्याचा मुका घ्यायचीच बाकी होते. तो आठवडा गल्लीसुद्धा शांत होती. पोलिक्सेनी आणि तिचा नवरा समुद्रावर गेली होती, परवा परतली.

पण काल परत तेच. ४:२५ ला बंद. दोन वाजता आकडा अठ्ठ्याहत्तर होता रे, निळाच होता. मी हिरवं बटण दाबून दुसरा टप्पा पहिल्यापासून सुरू केलाय.

पंख्याचा आवाज विचारलास. गोड आहे. कसली खरखर नि कसली फरफर, जवळजवळ आवाजच नाही म्हण ना. झोपलेल्या मांजरासारखा पडलाय.

घाबरू नकोस. मी आहे.

आत्या


चौकी
१८ जुलै

आत्या,

मी आहे म्हणतेस, आणि डबा रोज मरतोय!

रागावू नकोस, पण मला आता वेड लागायची पाळी आलीय. दोनला अठ्ठ्याहत्तर आणि सहाला एकाहत्तर असलेला डबा मधल्या वेळात पंच्याण्णववर जातोच कसा? आणि नेमका दुपारी तीन ते साडेपाच, गावाच्या झोपेच्या वेळेत? ऊन म्हणावं तर त्या खिडकीवर ऊन सकाळी असतं. आणि पंखा 'जवळजवळ आवाजच नाही' म्हणजे काय? या उन्हात तो बोंबलायला हवा. पत्र्याच्या डब्यात तर दुप्पट. आवाज नाही म्हणजे पंखा फिरतच नाही, नाहीतर तू त्याच्याजवळ जात नाहीस.

खरं सांग. त्याच्यावर काही झाकतेस का? तुझा स्वभाव मला माहीत आहे. टीव्हीवर विणलेला रुमाल, रेडिओवर रुमाल, फ्रीजवर रुमाल. माझ्यावरही घातला असतास मी जरा वेळ हललो नसतो तर.

हिशोब साधा आहे. उरले चार टप्पे, बत्तीस दिवस. सुट्टीपर्यंत आहेत बावन्न. पण दर चार दिवसांनी डबा पडत राहिला तर आठ दिवसांचा टप्पा जन्मात पुरा व्हायचा नाही. मी इथे बंदूक घेऊन उभा राहतो आणि माझ्या डोळ्यांपुढे विभागाच्या दारावरची यादी येते, माझ्या नावावर रेघ मारलेली.

एक शेवटचा उपाय. पुढच्या वेळी डबा बंद पडलेला असेल तेव्हा वायर काढ, झाकण उघड, मधला पितळी रंगाचा ठोकळा चार स्क्रू काढून उचल. खाली प्रोसेसर दिसेल, त्यावरची पांढरी पेस्ट वाळून भेगाळली असणार. कोलन वॉटरने पूस, आणि टेबलाच्या खणातल्या ट्यूबमधली नवी लाव. तांदळाच्या दाण्याएवढी, जास्त नाही.

हे तुला झेपत नसेल तर तसं सांग. मी बाबांना अथेन्सला कळवतो. ते येऊन डबा घेऊन जातील, आणि तुलाही घेऊन जातो म्हणत होतेच.

थ्रासोस


नेरोमिलोस
२३ जुलै

थ्रासोस,

पेस्ट लावली. १९ तारखेला डबा परत पडला होता, पण तुझं पत्र आज हातात पडलं, म्हणून चालू असलेला मीच बंद केला, चार दिवस गेले तर गेले. तांदळाचा दाणा म्हणालास, तांदळाचा दाणा मोजून लावला. ठोकळा परत बसवून चारही स्क्रू घट्ट पिळले.

रुमालाचं विचारलंस. तो मी तू गेलास त्याच दिवशी काढला. पानायियाची शपथ, डब्यावर रुमाल नाही.

तुझ्या बापाला काहीही कळवायची गरज नाही. स्तेर्यिओसला फक्त हे घर विकायचं निमित्त हवंय. त्याच्या अथेन्सच्या चौथ्या मजल्यावर मी काय करू, गॅलरीतून टॅक्सी मोजू? मी या घरात जन्मले. तू मला 'झेपत नसेल तर' असं लिहिलंस, ते मी दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा नाही वाचलं.

डबा आता चालेल. का चालेल ते विचारू नकोस.

आत्या


नेरोमिलोस
९ ऑगस्ट

थ्रासोस, बाळा,

तुझं पत्र नाही. रागावलास की लाजलास? दोन्ही पुरे झालं.

चौकटीत काल '३' आलं. सतरा दिवस झाले, डबा एकदाही पडला नाही. परवा बाहेर पारा त्रेचाळीसवर होता, अंगणातली तुळस उभ्याउभ्या वाळली, आणि डब्याचा आकडा शहाऐंशी. पिवळा. मी समोर खुर्ची टाकून बसून राहिले, शर्यतीचा घोडा बघावा तशी. चढला नाही.

पोलिक्सेनीने माझ्याशी बोलणं टाकलंय. समोरून आली तर पदपथ बदलते. परवा नगरपालिकेचा माणूस दारात उभा होता, हातात कागद. दुपारच्या शांततेच्या वेळेबद्दल काहीतरी होतं. मी त्याला थंड पाणी दिलं, चमचाभर चेरीचा पाक दिला आणि कागद घेऊन ठेवला. बिचारा लाजून गेला.

तू यात डोकं घालू नकोस. भांडण माझं आहे.

आत्या


चौकी
१४ ऑगस्ट

आत्या,

लाजलो होतो. चार पत्रं लिहिली आणि फाडली. तुला तसं लिहायला नको होतं, माझी जीभ झडो.

पण काय केलंस गं तू! सतरा दिवस! मी म्हटलं होतं ना पेस्टच असणार? वाळलेली पेस्ट म्हणजे तापलेल्या तव्यावर गोधडी. तांदळाच्या दाण्याने माझा प्रबंध वाचवला. इथल्या पोरांना सांगितलं की माझ्या एकाहत्तर वर्षांच्या आत्याने प्रोसेसर उघडून परत बसवला, तर सार्जंट म्हणाला, तिलाच भरती करा नि याला घरी पाठवा.

या उकाड्यात पंखा नुसता हंबरत असेल. तुझी दुपारची झोप उडवली मी, माफ कर. उद्या पानायियाचा सण. माझ्या नावाने एक मेणबत्ती लाव, आणि पहाटेच्या घंटा माझ्या वाटच्या पण ऐक. इथे घंटा नाही, नुसत्या बेडकांचं भजन आहे.

पाचवा टप्पा पुरा झाला की पडद्यावर गावाचा नकाशा येईल, रंगीत. तो आला की लगेच लिही. कुठली गल्ली कुठल्या रंगात आली, एवढं सांग. सुट्टी ८ तारखेला पक्की झालीय. तोवर जीव मुठीत धरून बसतो.

थ्रासोस


नेरोमिलोस
२४ ऑगस्ट

आला! आला रे बाबा, नकाशा आला!

सकाळी नऊला पडदा हलला, चौकटीत '५' आलं आणि मग आपलं गाव. चर्च, बाजार, शाळा, सगळं ओळखलं. मी तुझ्या सांगण्याप्रमाणे रंग बघितले. टेकडीकडची घरं लालभडक आहेत, बिचारी. चर्चच्या मागचा भाग पिवळा. आणि बाळा, आपली गल्ली निळी! सगळ्या गावात सगळ्यात निळी. बंधाऱ्यापासून पोलिक्सेनीच्या भिंतीपर्यंत एवढी गडद, की जवळजवळ काळी वाटते. आपलं घर बरोब्बर मधोमध. तू म्हणाला होतास ना, निळं म्हणजे चांगलं? मी रडले. एकाहत्तर वर्षांत या घराने मला पुष्कळ दिलं, म्हटलं, आता हेही दिलं.

पंधरा ऑगस्टला चर्चला उशीर झाला, पोचले तोवर पूजा संपत आली होती. पण तुझी मेणबत्ती लावली.

आता ये. वांगी आणून ठेवते.

आत्या


चौकी
२८ ऑगस्ट

आत्या,

हे पत्र बसून वाच.

कोपऱ्यातल्या आकड्याचे रंग वेगळे आणि नकाशाचे रंग वेगळे. मी मूर्खाने ते तुला सांगितलंच नाही. नकाशावर लाल म्हणजे कोरडी जमीन. निळं म्हणजे पाणी. जेवढं गडद तेवढं खोल. जवळजवळ काळं म्हणजे दोन पुरुष पाणी, म्हणजे आपलं छप्पर तेवढं वर राहील.

घाबरू नकोस म्हणून लिहिणार होतो, पण मीच घाबरलोय. गणितात आणखी एक आकडा असतो. बंधारा फुटल्यापासून आपल्या दारात पाणी यायला चाळीस मिनिटं. चाळीस मिनिटं खूप असतात आत्या, टेकडीवर चालत जायला पंधरा पुरतात. मी प्रबंधात तसंच लिहिणार होतो, 'भोंगा वाजताच रहिवाशांनी टेकडीकडे जावे.' नगरपालिकेच्या छपरावरचा भोंगा. गावाला सावध करायला तेवढा एकच आहे.

ते वाक्य डोक्यात घोळवत रात्री पहाऱ्यावर उभा होतो, आणि तुझी सगळी पत्रं आठवायला लागली. फोन जूनपासून बिघडलेला. पोलिक्सेनी तोंडातल्या तोंडात बोलते, जी पोलिक्सेनी बाजारातून हाक मारली तर चर्चमध्ये ऐकू येते. पत्र्याच्या डब्यातला पंखा झोपलेल्या मांजरासारखा. सणाच्या घंटा वाजल्या आणि तुला उशीर झाला. तुला, जी दरवर्षी मला अंधारात उठवून नेते!

आत्या, तुला ऐकू येतं का?

बाबांना मी काही सांगितलेलं नाही. तू सांगशील ते आणि तेवढंच सांगेन. पण मला खरं सांग. भोंगा वाजेल, सगळी गल्ली टेकडीवर पळेल आणि तू शिवणखोलीत दोरा ओवत बसलेली असशील, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

थ्रासोस


नेरोमिलोस
२ सप्टेंबर

थ्रासोस, माझ्या सोन्या,

नाही येत.

लिहिलं बघ एकदाचं. दोन वर्षांपासून कमी होत होतं, या वसंतात डावा कान गेला आणि तू निघालास त्या सुमाराला उजवाही. फोन चांगला आहे. मी तो उचलते आणि आत नुसती पोकळी असते, म्हणून उचलायचंच सोडलं. तुला सांगितलं असतं तर तू सैन्यातून रजा मागितली असतीस, आणि तुझ्या बापाने दुसऱ्या दिवशी ट्रक आणून उभा केला असता.

आता डब्याचं ऐक, कारण तेही खोटंच बोलले. तुझी पेस्ट नव्हती रे ती. २९ जूनला पोलिक्सेनी आली, माझा हात धरून तिने मला डब्यापुढे नेलं, दोन्ही कानांवर हात ठेवले आणि घड्याळातले तीन दाखवले. तेव्हा मला कळलं की डबा दुपारी ओरडतो. तिचा नवरा पहाटेची बस चालवतो, दुपारी झोपतो. या गावात दुपारी तीन ते साडेपाच कुणी खिळा ठोकत नाही, मूलसुद्धा रडत नाही, आणि चाळीस वर्षं इमानाने वागलेली एव्डोक्सिया गल्लीची झोप उडवते! शरमेने माझी मान खाली गेली. 'मला ऐकू आलं नाही' असं म्हणायला तोंड उघडेना. मग मी काय केलं, तर रोज तीनला आईची लोकरी घोंगडी डब्यावर पांघरायची आणि साडेपाचला काढायची. केसाळ घोंगडी, हिवाळ्यात आपण दोघं जिच्यात मावायचो ती. रुमाल नाही म्हणून शपथ घेतली ती खरी होती. घोंगडीचं तू विचारलंच नव्हतंस.

ती दोघं समुद्रावर गेली त्या आठवड्यात घोंगडी घातली नाही, आणि तेवढाच एक टप्पा पुरा झाला. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही, एवढी मी शहाणी. वर तुझं नळकांडं! मी एवढी सुबक बाही शिवली आणि तिचं तोंड काढलं अंगणात, थेट त्यांच्या झोपायच्या खोलीसमोर. तू 'झाकतेस का' विचारलंस तेव्हा सगळं लख्ख दिसलं. घोंगडी कपाटात टाकली ती टाकलीच. म्हटलं, पोलिक्सेनीने तोंड टाकलं तरी चालेल, पोराचं नाव राहू दे. बत्तीस दुपारी त्या माणसाने कानात कापूस घालून काढल्या.

परवा तुझं पत्र आलं. मी बसून वाचलं, मग उठून वाचलं. मग बक्रमची बाही काढली, डबा बंद केला (तुझं सगळं नीट जपून ठेवलंय, भिऊ नकोस) आणि पोलिक्सेनीच्या दारात गेले. हातात नगरपालिकेचा कागद, तुझं पत्र, शिवणाचा खाकी कागद आणि पेन्सिल. तिने दार उघडलं आणि ओठ आवळून उभी राहिली. मी म्हटलं, "पोलिक्सेनी, मी बहिरी झालेय. तुझ्यावर रागावलेली नाहीये, बहिरी झालेय. काय बोलायचंय ते यावर लिही."

ती मटकन उंबऱ्यात बसली आणि रडायला लागली. मग लिहिलं, ते जसंच्या तसं देते: "अगं मेले, मला वाटलं तू शिष्ट झालीस! रोज सकाळी हाक मारायचे आणि तू तोंड फिरवून तुळशीला पाणी घालायचीस." मी म्हटलं, मला वाटलं तू तोंडातल्या तोंडात बोलतेस. त्यावर ती हसली. आवाज नाही आला, पण पोट हललेलं दिसलं.

तुझ्या पत्रातलं निळ्याचं तिला वाचायला दिलं. तिची भिंतसुद्धा त्यातच आहे. नवऱ्याला उठवून तिने ते त्यालाही वाचायला लावलं. तो म्हणाला, म्हणजे तिने तसं लिहून दाखवलं, की ज्या डब्याने मला महिनाभर झोपू दिलं नाही तो गल्ली वाचवणार असेल तर चालेल, पण पुढचा डबा तुमच्या पोराने शेळीच्या गोठ्यात बांधावा.

स्तेर्यिओसला मी स्वतः लिहिणार आहे. कानाचंही आणि निळ्याचंही. मग त्याला घर विकायचं असेल तर आधी कुणी घेतंय का ते बघू दे.

आता तुझ्या प्रश्नाचं. तुझ्या प्रबंधातलं ते वाक्य बदल. 'भोंगा वाजताच' एवढ्याने भागत नाही, प्रत्येक गल्लीत एक एव्डोक्सिया असते. आमच्या गल्लीचं आम्ही ठरवलंय. माझ्या घराची किल्ली आता पोलिक्सेनीच्या गळ्यात क्रूसाशेजारी असते. भोंगा वाजला की ती येणार, मला गदागदा हलवणार आणि दंड धरून टेकडीवर नेणार. काल दोनदा करून पाहिलं, दंडाला निळं झालंय.

मी तिला विचारलं, "आणि दुपारी वाजला तर? तीन ते साडेपाचात? तुमच्या शांततेचं काय?"

तिने माझ्या हातातून पेन्सिल हिसकावली आणि एवढी दाबून लिहिलं की कागद फाटला: "दुपारीसुद्धा."

तुझी आत्या